संशय रास्त, निकाल घाईचा

आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो. म्हणून तंबाखूपलीकडची कारणे शोधणे भागच आहे. त्या शोधात विषाणूंचे नाव चार दशकांहून अधिक काळ येत राहिले. श्वासनलिकेच्या काही गाठींत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) संसर्गासारख्या खुणा दिसतात, हे फिनलंडचे कारी सिर्यानेन यांनी १९७९ मध्ये नोंदवले. हाच विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो, हे दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. त्यामुळे फुप्फुसाबाबतचा संशय हवेतला नव्हता. २००१ मध्ये तैवानमधील एका अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्ण महिलांच्या गाठींत एचपीव्ही आढळला, आणि या संशयाला बळ मिळाले.

पण विषाणू सापडणे वेगळे आणि त्याने कर्करोग घडवणे वेगळे. त्याच अभ्यासात कर्करोग नसलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांच्या फुप्फुसांतही तो होता. युरोप-अमेरिकेत तो फार कमी गाठींत दिसतो. शिवाय विषाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी इतकी संवेदनशील की नमुन्यात बाहेरून मिसळलेला अंशही पकडते. गर्भाशयमुखाच्या जवळपास प्रत्येक गाठीत विषाणू असतो आणि त्याची ई६ व ई७ ही जनुके पेशींत सतत काम करत असतात. फुप्फुसाबाबत असा सातत्यपूर्ण पुरावा नाही. एपस्टाइन-बार विषाणूशी घट्ट नाते असलेला फुप्फुसाचा एक कर्करोग आहे खरा, पण तो दुर्मीळ असून मुख्यतः दक्षिण चीन, तैवान, हाँगकाँग परिसरात आढळतो. त्यावरून सरसकट निष्कर्ष निघत नाही.

यावर कोणी म्हणेल, धूम्रपानाच्या दुष्परिणामांबद्दलही असेच 'पुरावा अपुरा' म्हटले जात होते. मात्र ब्रिटिश संशोधक डॉल आणि हिल यांच्या १९५० च्या अभ्यासानंतर तो पुरावा दर नव्या पाहणीगणिक पक्का होत गेला; जितकी सिगारेट अधिक, तितका धोका अधिक, हे सगळीकडे दिसले. एचपीव्हीचे आकडे मात्र देशागणिक आणि प्रयोगशाळेगणिक बदलतात. दुसरा आक्षेप असा की लस उपलब्ध असताना वाट कशाला पाहायची? गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी ती मुलींना द्यावीच. पुण्यात तयार होणाऱ्या लसीमुळे ते सोपेही झाले आहे. पण तीच लस फुप्फुसाची ढाल म्हणून मिरवणे ही फसवणूक ठरेल. धूम्रपान न करणाऱ्या भारतीय रुग्णांची गाठ आणि शेजारची निरोगी ऊती एकाच कसोटीवर तपासणारे संशोधन जरूर व्हावे. त्याच्या निकालासाठी तंबाखूवरील निर्बंध थांबवण्याचे मात्र कारण नाही, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेल्या प्रदूषित हवेवरचे उपायही थांबवण्याचे नाही. विषाणूवरील आरोप सिद्ध व्हायचा आहे. धुरावरील केव्हाच झाला आहे.