खतावणी कोणाच्या हाती?

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांना आपलेच पैसे मोबाइलवरून कोणास धाडता येईनात. या बँका प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण. त्यांची तिजोरी फुटली नव्हती की कोणी अफरातफर केली नव्हती. ज्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेवर त्यांचा कारभार चालतो, तिच्यात संगणक ओलीस धरणारे रॅन्समवेअर शिरले आणि लागण पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची जोडणी तोडली. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली, आणि विषय मागे पडला.

तो मागे पडू देणे सहकारी चळवळीस परवडणारे नाही. ‘आमचे सर्व क्लाऊडवर आहे, काळजी नाही’ असे संचालक मंडळी सभासदांना सांगतात, तेव्हा ती बहुधा स्वतःचीच समजूत घालीत असतात. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेली यंत्रे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत जळून खाक झाली. ज्या गिऱ्हाइकांनी दुसरी प्रत त्याच आवारात ठेवली होती, त्यांच्यापैकी कित्येकांची मूळ प्रतही गेली आणि नक्कलही गेली.

आग नसतानाही हे घडू शकते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या नोकरदारांच्या निवृत्तिनिधीची क्लाऊडवरील एक खासगी यंत्रणा गूगलच्या एका चुकीने पुसली गेली. दोन निरनिराळ्या ठिकाणच्या प्रती होत्या, पण त्यांचा मालक एकच असल्याने दोन्ही गेल्या. पाच लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपला हिशेब पाहता आला नाही. तो परत मिळण्यास मोठी मदत झाली ती दुसऱ्याच एका कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीची.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. पूर्वी आपत्तीसाठी दुसरी इमारत बांधून तेथे यंत्रे रिकामी ठेवावी लागत. तो खर्च मोठ्या बँकांनाच झेपे. आता माहितीची प्रत दूरच्या शहरात सतत उतरत राहते, तेथील यंत्रे बव्हंशी बंद असतात, आणि प्रसंग आला की ती सुरू करून तेवढ्यापुरते भाडे भरावे लागते. छोट्या संस्थेला हे वरदानच होय. परंतु यंत्रे भाड्याने मिळतात, जबाबदारी मिळत नाही. किती वेळात कारभार पुन्हा उभा राहिला पाहिजे? त्या गडबडीत शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी हरवल्या तर चालतील? ही उत्तरे कंपनीचा विक्रेता देऊ शकत नाही. ती जितकी कडक, तितका खर्च वाढतो. म्हणून निर्णय संस्थेनेच, डोळे उघडे ठेवून घ्यावयाचा असतो. रॅन्समवेअरचा धोका पाहता एक प्रत तरी अशी हवी की जी चालू यंत्रणेपासून अलग असेल आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत बँकेच्या अधिकाऱ्यालाही पुसता येणार नाही.

आणि रंगीत तालीम! प्रत घेतली जाते, पण तिच्यातून रोजकीर्द व खतावणी पुन्हा उभी करून पाहिली जात नाही, हे सर्वत्रचे दुखणे आहे. तालमीत काउंटरवरील कर्मचाऱ्यांनाही घेतले पाहिजे. यंत्र बंद असताना वृद्ध खातेदाराला किती रक्कम, कोणत्या नोंदीवर द्यावयाची, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहतो, संगणक विभागासमोर नव्हे.

एकट्यादुकट्या बँकेस हे जड जाईल, हे खरे. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांच्या शिखर संस्थेचे उद्घाटन झाले. लहान बँकांना तंत्रज्ञानाचे साह्य देणे हे तिचे एक प्रयोजन आहे. सामाईक प्रतकेंद्र व सामाईक तालमी तिने आधी हाती घ्याव्यात. मात्र तीनशे बँकांची मूळ प्रत आणि राखीव प्रत एकाच हाती गेली, तर जुलैचाच प्रसंग पुन्हा ओढवेल.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावयाच्या असतात. आपले कार्यकर्ते यांपैकी कित्येक बँकांचे सभासद आहेत. लाभांशाचा विषय निघण्यापूर्वी त्यांनी उठून विचारावे : आपली दुसरी प्रत कोणत्या शहरात, कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिच्यावरून बँक शेवटची केव्हा चालवून पाहिली? उत्तर तारखेसह इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.