वही कोणाच्या हातात?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आसपासचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दारांवर चालून गेले. सुपे हे पेठेचे गाव. दुकानांत धान्य होते, कापड होते, पेटाऱ्यांत रोकड होती. जमावाची पहिली मागणी मात्र कागदांची होती: कर्जरोखे काढा, वह्या काढा. मिळाले तिथे ते कागद जाळण्यात आले. काही ठिकाणी धान्य लुटले गेले, घरेही पेटली. बघता बघता हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले आणि तीसहून अधिक गावांत पसरले. इतिहासात या घटनांची नोंद ‘दख्खनचे दंगे’ अशी झाली.

शेतकरी वह्यांवर का उठला, याचे उत्तर त्या वह्या लिहिण्याच्या रीतीत आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, वसुली सुरू झाली. इकडे सरकारने शेतसारा वाढवून ठेवला होता. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे चालेल असे ठरवले होते. हेतू कुळाच्या भल्याचा, पण परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात घाली आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चालू करी. फेड केली तरी पावती मिळत नसे. व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा जुना दंडक होता, पण दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आले. कुळाला यातले काही ताडून पाहता येत नव्हते, कारण त्याच्या घरी त्या कर्जाचा एक चिटोराही नव्हता. घेतले किती, फेडले किती, राहिले किती, हे सांगणारी वही एकच होती आणि ती सावकाराच्या गादीखाली होती.

म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यातली काही कलमे आज मुद्दाम आठवावीत अशी आहेत. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या त्या कायद्याने कुळाला तीन गोष्टींचा हक्क दिला: फेडीची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास स्वतःजवळ ठेवायचे पासबुक. घरगुती पैशाच्या व्यवहाराचा इतिहास आपण एरवी साधनांच्या क्रमाने सांगतो. आधी वही, मग पासबुक, मग कार्ड, आता मोबाइल. या क्रमातून फारसे काही हाती लागत नाही. नोंद कोण करतो, ती कोणाकडे राहते आणि खर्च करणाऱ्याला ती वाचता येते का, हे तीन प्रश्न विचारले की तोच इतिहास वेगळा दिसू लागतो.

हिशेबाची विद्या महाराष्ट्रात कधीच दुबळी नव्हती. पेशव्यांचे दप्तर पाहणाऱ्याला मोडीत लिहिलेल्या जमाखर्चाचे ढीगच्या ढीग सापडतात. मराठी राज्याच्या उत्तरकाळातला सर्वांत प्रभावी मुत्सद्दी हुद्द्याने फडणीस, म्हणजे हिशेबाचा अधिकारी होता, यातच सारे आले. व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवसभराची देवघेव रोजकीर्दीत उतरायची, तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जायची. दिवेलागणीनंतर जमा आणि खर्चाचा मेळ बसून हातातली शिल्लक कागदावरच्या शिलकेशी जुळल्याशिवाय मुनीम उठत नसे. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत ते याचसाठी. सोळा आण्यांच्या रुपयात आणि पायलीच्या मापात पाव-अर्ध्याचे गणित तोंडी आल्यावाचून बाजार करणे अवघड होते.

ही विद्या फार थोड्या घरांत होती, हे खरे दुखणे. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांच्याकडे जमीन, तारण आणि कोर्टातला पुरावा गेला. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याचा संबंध त्याच्या अक्षरशून्यतेशी जोडला, तो याच अनुभवातून. पासबुकाचा हक्क कायद्याने दिला, पण पासबुक वाचण्याची ताकद कायदा देऊ शकत नव्हता.

शहरात नोकरदार माणूस तयार झाला तेव्हा प्रश्न दुसऱ्या रूपात आला. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कामगाराचा पगार महिन्याने होई आणि तोही उशिराने. हा पगार हाती येईपर्यंत खानावळीत जेवायचे, वाण्याकडून उचापतीवर सामान आणायचे आणि पगार झाला की आधी ही देणी भागवून उरलेल्यातून गावी मनीऑर्डर करायची. मनीऑर्डरची सोय १८८० मध्ये सुरू झाली होती, टपाल बचत बँक १८८२ मध्ये. पहिलीचा उपयोग गिरणगावाने मन लावून केला, दुसरीत टाकायला फारसे उरत नव्हते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. पगार वेळेवर देण्याचे बंधन १९३६ च्या वेतन कायद्याने घातले: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, अधिक असतील तर दहा तारखेच्या आत. घरखर्चाला शिस्त लावण्याचे काम बचतीच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा या एका तरतुदीने अधिक केले असेल. पैसा कधी येणार हेच ठाऊक नसलेल्या माणसाला अंदाजपत्रक करायला सांगणे ही थट्टा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या मध्यमवर्गीय घरात हिशेबाची वही हळूहळू स्वयंपाकघरात आली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. सव्वासहाचे नाणे काढणे शक्य नसल्याने सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस नवे पैसे ठरले. म्हणजे एक-एक आण्याच्या तीन वस्तू घेणाऱ्याचे आणि तीन आण्यांची एकच वस्तू घेणाऱ्याचे गणित निराळे. सुट्ट्या पैशांच्या या गोंधळात भाजीवाल्याशी रोज हुज्जत घालून ज्या बायकांनी घर चालवले, त्यांनी नव्या चलनाचे शिक्षण कोणत्याही शाळेशिवाय घेतले.

त्यांचे सगळ्यात टिकाऊ साधन भिंतीवर टांगलेले असे. कॅलेंडरवरचा तारखेचा चौकोन म्हणजे दुधाची खतावणी. एरवीचे एक लिटर गृहीत, पाहुणे आले त्या दिवशी चौकोनात ‘दीड’, गवळी आला नाही त्या दिवशी फुली. महिनाअखेर फुल्या मोजून खाडे वजा करायचे आणि उरलेल्या लिटरांना भावाने गुणायचे. पेपरचे आणि इस्त्रीचे गणितही त्याच पानावर. या पद्धतीची खुबी अशी की नोंद दोन्ही पक्षांना दिसत असे. गवळ्याने आपल्या वहीतला आकडा सांगायचा, बाईने भिंतीवरचा, आणि फरक पडला तर उंबरठ्यावरच निकाल. सुप्याच्या शेतकऱ्याला जे कधी लाभले नाही ते, म्हणजे समोरच्याच्या वहीला आपल्या वहीने उत्तर देण्याची सोय, इथे एका पेन्सिलीत मिळत होती.

या वहीला सोज्वळ रंग देण्याचे मात्र कारण नाही. पुष्कळ घरांत ती बायकोवरच्या पहाऱ्याचे साधन होती. पगार नवऱ्याच्या हाती, ठरावीक रक्कम बायकोच्या हाती, आणि महिनाअखेर पै-पैचा जाब तिला. त्याने उडवलेल्या पैशाची नोंद कुठेच नाही. डाळीच्या डब्याच्या तळाशी दडवलेल्या नोटा हे या एकतर्फी हिशेबाला दिलेले उत्तर होते. लेखणी घरात आली म्हणून सत्ता आपोआप वाटली जात नाही.

ती वाटली जाण्याची खरी सुरुवात सामूहिक वहीने झाली. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर महाराष्ट्रात पतपेढ्यांचे जाळे विणले गेले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायका स्वतः सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून मिळाले. पुढे १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि पंचसूत्री गावोगाव पोहोचली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब लेखन. गटाच्या बैठकीत बसून पाहिले की शेवटच्या सूत्राचे महत्त्व कळते. लिहिता येणारी एखादीच असते, पण ती लिहिलेले मोठ्याने वाचते. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, पेटीत किती आहेत. निरक्षर बाईलाही आपला आकडा पाठ असतो आणि तो चुकला तर ती भर बैठकीत टोकते. वाचता न येणाऱ्यालाही हिशेब तपासता येतो, हे बचत गटांनी दाखवून दिले. भिशी चालते तीही याच बळावर, आणि बुडते तेव्हा बहुधा वही एकाच माणसाच्या बगलेत राहिलेली असते.

आता आजच्याकडे येऊ. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने नोंदीचा कंटाळाच संपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींवर गेली. टपरीवरचा दहा रुपयांचा चहासुद्धा तारीख-वेळेसह कुठेतरी नोंदला जातो. आपल्या पणजोबांच्या मुनिमाला स्वप्नातही साधली नसती अशी ही रोजकीर्द आहे. प्रश्न एवढाच की ती वाचतो कोण? पासबुक छापायला यंत्रात घातले की महिन्याभराची पाने फडफडत भरतात. दहा, वीस, पस्तीस, पुन्हा दहा. नोंदीत पुष्कळदा दुकानाच्या नावाऐवजी आकड्यांची माळ. त्यातून भाजीवर किती गेले आणि बाहेरच्या खाण्यावर किती, हे काढायला बसलेला माणूस दुसऱ्या पानावर नाद सोडतो. नोंद नसण्याने जे अज्ञान येत होते, तेच आता नोंदींच्या ढिगाऱ्याने येते.

समोरचा मात्र वाचतो. कोणत्या तारखेला पगार जमा होतो, कितव्या तारखेला खाते रिकामे होते, कोणत्या वेळी माणूस मोबाइलवर खरेदी करतो, हे अ‍ॅपवाल्याला आणि कर्ज देणाऱ्याला आपल्यापेक्षा नेमके कळते. बरोबर त्या वेळी ‘आता घ्या, पैसे नंतर’ अशी सूचना पडद्यावर उमटते. ही उचापतच आहे, फक्त वाणी बदलला. कोपऱ्यावरच्या वाण्याला घरची परिस्थिती ठाऊक असे आणि आकडा फुगला की तो हात आखडता घेई, कारण बुडाले तर त्याचे बुडणार होते. अ‍ॅप मात्र दोन हप्ते वेळेवर फेडले की मर्यादा वाढवून देते. कर्ज मिळणे सोपे झाले याचे दुःख करू नये, एकेकाळी त्यासाठी बायकांना दागिने गहाण टाकावे लागत. दुःख याचे की कर्जाची वही पुन्हा एकाच बाजूला गेली.

कायदा आपल्या परीने जागा झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला मुख्य तथ्यांचे एक पत्रक द्यावे लागते. सर्व शुल्के धरून वर्षाचा खरा दर, हप्त्यांचे वेळापत्रक हे सारे त्यात असावे लागते आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. हा हक्क मोलाचा आहे. वस्तुस्थिती अशी की बहुतेक जण पडद्यावरचे इंग्रजी पान खाली सरकवत नेतात आणि ‘मान्य’वर अंगठा टेकतात. निरक्षर कुळाच्या अंगठ्याला निदान नाइलाजाची सबब होती, पदवीधराच्या अंगठ्याला तीही नाही.

घरोघरी पुन्हा वह्या घाला, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. ज्या घरात पंधरा दिवसांतच पगार संपतो तिथे हिशेबाने पगार वाढत नाही, आणि गरिबीला बेशिस्त ठरवणारे अर्थसाक्षरतेचे वर्ग तर बंदच केलेले बरे. पण तीन गोष्टी होऊ शकतात. बँकांनी आणि अ‍ॅपांनी महिन्याला एक पान मराठीत द्यावे: खर्चाच्या पाच-सहा ठळक बाबी, एकूण देणे किती आणि पुढच्या महिन्यात जाणारे हप्ते किती. माहिती त्यांच्याजवळ आहेच, ती ग्राहकाच्या उपयोगाची करून द्यायची तेवढी. शाळांनी सातवी-आठवीच्या गणितात सरळव्याजाच्या ठोकळेबाज उदाहरणांसोबत खऱ्या मोबाइल हप्त्याचे पत्रक सोडवायला द्यावे. ‘शून्य टक्के’ व्याजातले प्रक्रिया शुल्क मुलांनी स्वतः शोधून काढले, तर त्यांच्या घरी ते कोणाला सांगावे लागणार नाही. आणि घरांनी बचत गटाची एक सवय उचलावी. आठवड्यातून एकदा सर्वांसमोर चार आकडे मोठ्याने वाचावेत: आले किती, गेले किती, देणे किती, उरले किती. कमावणाऱ्याचा खर्चही त्यात यावा, फक्त घर चालवणारीचा नव्हे.

कर्जाच्या पत्रकाची मराठी प्रत मागितल्यावर शाखेतल्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या तरी ती मागावी. दहा जणांनी मागितली की अकराव्यासाठी ती टेबलावर तयार असते.