नोकरीला नावे ठेवणाऱ्यांना

मराठी मुलाला धंदा जमत नाही, त्याला महिन्याच्या पगाराची ऊब हवी असते, हे वाक्य महाविद्यालयांच्या व्याख्यानमालांतून इतक्यांदा ऐकवले गेले आहे की ते आता सिद्धान्ताच्या थाटात वावरते. आम्हांला ते मान्य नाही.

तिरोडीचेच पाहा. बालाघाट जिल्ह्यातले हे मराठी वळणाचे गाव मँगनीजच्या खाणीवर जगत आले. या पट्ट्यातले मँगनीज आधी ब्रिटिश कंपनीच्या हाती होते. १९६२ साली मॉईलची स्थापना झाली आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. मालक बदलले, गावाचे नाते तेच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या इथे उद्योग पाहिला गेला तो हजेरीपटावरून. अशा गावातला पदवीधर खाणीतल्या नोकरीचा अर्ज भरतो, हे भित्रेपण नव्हे. भरवशाचा पैसा त्याने तेवढाच पाहिला आहे.

आणि जगातली मुले तरी वेगळे काय करतात? स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१६ साली ५० देशांतील विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शिक्षण संपताच स्वतःचा व्यवसाय काढू म्हणणारे ८.८ टक्के होते. पाच वर्षांनी काढू म्हणणारे ३८.२ टक्के. आधी नोकरी, मग धंदा, ही जगाचीच रीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करही आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये पगारी शिक्षक होते. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली, कर्ज दिले. व्याख्याते लक्ष्मणरावांचे धाडस रंगवून सांगतात. औंधकरांना मात्र वगळतात.

प्रश्न धाडसाचा नाही. पहिला तोटा कोणी सोसायचा, हा आहे. नव्या कल्पनेवर उद्योग उभारू पाहणाऱ्या पदवीधरांना जर्मनीचे सरकार २००७ पासून वर्षभर निर्वाहवेतन देते. आपल्याकडे २०१५ साली मुद्रा योजना आली. ती तारण मागत नाही, हे चांगलेच. पण कर्ज ते कर्ज. धंदा बुडाला तरी हप्ता उरतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कायम नोकरी ही उद्योजकतेची वैरीण नव्हे, गरिबाच्या घरातले ते पहिले भांडवल आहे. कंत्राटी कामावर राबणाऱ्या बापाच्या मुलाला ‘उडी मार’ म्हणून सांगण्यापूर्वी, खाली जाळे कोण धरणार हे सांगा. ते सांगता येत नसेल, तर व्याख्यान आवरते घ्यावे.