वाढत्या अंगाचा सदरा

एअरबस ए३८०चा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांत कुणीतरी हळहळतंच. "काळाच्या पुढचं विमान होतं हो, जगाला पेललं नाही!" परवा लग्नाच्या पंगतीत मामेभावानेही हाच सूर लावला. जिलबी समोर होती म्हणून गप्प बसलो. इथे बोलतो.

काळाच्या पुढचं? साफ चूक.

क्षमतेबद्दल वाद नाही. ८५३ प्रवाशांची परवानगी, ५७५ टन वजन घेऊन उडायची ताकद. २००६ साली हॅम्बुर्गला अंधारात, निम्मे दरवाजे बंद ठेवून ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर काढून दाखवली. मर्यादा ९० सेकंदांची होती. सलाम!

पण आपण पोरांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतो ना, तसे एअरबसने याला पंख शिवले. पुढेमागे आणखी लांब विमान काढायचं, म्हणून पंखांचं क्षेत्रफळ तब्बल ८४५ चौरस मीटर. ते लांब विमान कधी आलंच नाही. मालवाहू विमानही बारगळलं. पोर वाढलं नाही आणि ढगळ सदऱ्याचं ओझं दर उड्डाणाला इंधन खात राहिलं. त्यात विमानतळांवर ८० मीटरची मर्यादा, म्हणून पंखांची लांबी ७९.८ वर रोखली. लांब, निमुळत्या पंखांना हवेचा विरोध कमी होतो. हे मात्र आखूड आणि रुंद झाले.

शिवाय इंजिनं चार! बोईंगचं दोन इंजिनांचं ७७७-३००ईआर २००४ पासून लांब पल्ल्यावर उडत होतं. ए३८० सेवेत आलं २००७ मध्ये. म्हणजे मागून येऊनही जुनाच हिशोब. चार इंजिनांची देखभाल करा, वर रोज पाचशे खुर्च्या भरा.

"पण प्रवाशांना किती आवडतं!" आवडणारच, आत शांत आणि ऐसपैस आहे. गर्दीच्या विमानतळांवर मोठं विमान उपयोगीही पडतं. पण विकत घेणारी कंपनी खर्च बघते. एकूण २५१ विमानं गेली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये दिलं आणि दुकान बंद.

विमान मोठं होतं म्हणून हरलं नाही. जे विमान कधी बनलंच नाही त्याचे पंख लावून उडत होतं, म्हणून हरलं. यात जगाचा काय दोष? शिंप्याला विचारा की!

असो. मामेभाऊ हे वाचेलच. उरलेलं भांडण पुढच्या लग्नात, जिलबी संपल्यावर.