गावी जाताना इन्व्हर्टरची बॅटरी

मैत्रिणींनो, मे महिन्यात आपण डोंबिवली-कल्याणकडची मंडळी गावी निघालो, की कुलूप लावताना मेन स्विच हमखास बंद करतो. इन्व्हर्टरला मात्र वाटतं, वीजच गेली! तो बॅटरीवर चालू राहतो आणि तिला पार उतरवतो. उतरलेली बॅटरी महिनाभर तशीच राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही, आणि नवीनला हजारो रुपये! तेव्हा आदल्या दिवशी पाणी बघा. कमी असेल तर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको हं. रात्रभर चार्ज होऊ द्या. निघताना आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मगच मेन. मुक्काम दोन-तीन महिन्यांचा असेल तर किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या. महिन्यातून एक रात्र दोन्ही चालू ठेवतील.