चित्रपटगीतांचीं पारितोषिकें : नावीन्य कीं औचित्य?

चित्रपटासाठीं रचलेल्या एखाद्या गीताला मोठें पारितोषिक मिळालें कीं दुसऱ्या दिवशीं घरोघर त्याची चर्चा सुरू होते. कोणाला मिळालें, कोणाचें हुकलें, आपल्या देशाचा मान किती वाढला, हे प्रश्न मोठ्या उत्साहानें विचारले जातात. पण ज्या गुणासाठीं हें पारितोषिक द्यावयाचें तो गुण कोणता, हा मूळचा प्रश्न विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. आमच्या मतें खरा वाद तेथेंच आहे. आणि अमेरिकेंतील ज्या संस्थेच्या पारितोषिकाकडे सारें जग डोळे लावून बसतें, तिनें या प्रश्नाचें दिलेलें उत्तर अपुरें आहे, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणावयाचें आहे.

अकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस ही ती संस्था १९२७ मध्यें स्थापन झाली. गीतासाठीं स्वतंत्र पारितोषिक तिनें १९३४ च्या चित्रपटांपासून सुरू केलें, आणि पहिला मान ‘द गे डिव्होर्सी’मधील ‘द काँटिनेंटल’ या गीताला मिळाला. पारितोषिक गाणाऱ्याला न देतां संगीतकार व गीतकार या उभयतांना द्यावयाचें, ही तेथील रीत निःसंशय स्तुत्य आहे. परंतु सातच वर्षांनीं पेंच पडला. १९४१ च्या ‘लेडी बी गुड’ या चित्रपटांतील ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ हें गीत सर्वश्रेष्ठ ठरलें. संगीत जेरोम कर्न यांचें, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. पॅरिस जर्मनांच्या हातीं पडल्यावर १९४० मध्यें तें लिहिलें गेलें होतें, आणि चित्रपटांत येण्यापूर्वींच लोकांच्या तोंडीं झालें होतें. विशेष हें कीं, याविरुद्ध आवाज उठविला तो स्वतः विजेत्या कर्न यांनीं! हॅरोल्ड आर्लेन व जॉनी मर्सर यांचें ‘ब्लूज इन द नाइट’ हें गीत या मानाला अधिक पात्र आहे, असें त्यांचें मत होतें. हातीं आलेल्या यशाला असा न्यायनिष्ठुर विचार करणारा कलावंत विरळा. पुढें नियम बदलला: शब्द आणि स्वर हीं दोन्हीं त्या विशिष्ट चित्रपटासाठींच नव्यानें रचलेलीं असलीं पाहिजेत.

कर्न यांचा आक्षेप रास्त होता; पण त्यांतून निघालेल्या नियमानें अर्ध्याच प्रश्नाचा निकाल लावला. गीत केव्हां जन्मलें हें त्यानें विचारलें. जन्मून त्यानें चित्रपटांत काय केलें हें विचारलें नाहीं. गीताचा कथावस्तूशीं असलेला संबंध लक्षांत घ्यावा, असें नियमांत म्हटलेलें आहे खरें; परंतु नावीन्य ही दारावरची अट आहे आणि संबंध ही केवळ शिफारस. शिवाय तेच नियम असेंही सांगतात कीं, चित्रपट संपून श्रेयनामावली सुरू होतांच वाजणारें पहिलें गीतही स्पर्धेला चालेल. म्हणजे कथा संपली, प्रेक्षक उठून चपला शोधूं लागले, तरी गीताला चित्रपटाचें अंग म्हणवून घेतां येतें!

याचे परिणाम काय झाले तें पाहा. रंगभूमीवर वर्षानुवर्षें गाजलेलें संगीत नाटक पडद्यावर आलें कीं ज्या गीतांनीं तें गाजलें तीं सारीं अपात्र ठरतात. मग एखादें नवें गीत त्यांत जोडलें जातें. १९९६ च्या ‘एव्हिटा’मध्यें असेंच जोडलेलें ‘यू मस्ट लव्ह मी’ विजयी झालें. २०१२ च्या ‘ले मिझराब्ल’मध्यें ‘सडन्ली’ हें एक नवें गीत घातलें गेलें आणि नामांकनाचा मान त्यालाच लाभला. हीं गीतें वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या वृक्षाचीं फळें जग चाखीत आलें त्या वृक्षाला वगळून काल बांधलेल्या कलमाला हार घालणारा न्याय कोणत्या प्रतीचा, हें सुज्ञांनींच ठरवावें. १९४५ च्या चित्रपटांतून चौदा गीतांना नामांकन मिळालें होतें. २०११ च्या चित्रपटांतून अवघ्या दोहोंना मिळालें. पीक इतकें अनिश्चित असेल तर मोजण्याचें मापच एकदां तपासून पाहावयास नको काय?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाहीं. आपल्या संगीत रंगभूमीचा सगळा वैभवकाळ या नियमाच्या कसोटीवर घासून पाहा. १९११ च्या ‘मानापमाना’चीं पदें खाडिलकरांनीं लिहिलीं, चाली गोविंदराव टेंब्यांनीं दिल्या, १९१६ च्या ‘स्वयंवरा’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. यांतील कितीतरी चाली गवयांच्या घराण्यांतून चालत आलेल्या बंदिशींवरून घेतलेल्या. ‘स्वर मुळांतच नवे हवेत’ ही अट लावली तर त्या पदांपैकीं बहुतेक दारावरच अडतील. आणि तरीही तीं पदें त्या त्या पात्राच्या तोंडीं, त्या त्या प्रसंगीं अशीं शोभलीं कीं दुसरीकडचीं वाटतच नाहींत. क्षेमेंद्रानें औचित्याला काव्याचें जीवित म्हटलें, तें उगीच नव्हे. मेखला गळ्यांत घातली तर ती नवी कोरी असली म्हणून शोभत नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, नावीन्याची अट काढली तर कोणीही जुनें लोकप्रिय गाणें चित्रपटांत घालील आणि पारितोषिक उपटील. आक्षेप योग्य आहे. म्हणूनच ती अट काढा असें आम्ही म्हणत नाहीं. ती दाराशीं राहो. पण आंत गेल्यावर तुला औचित्याची असावी. दुसरा आक्षेप असा कीं, शेवटचें गीत हें आपल्या नाटकांतील भरतवाक्यासारखें असूं शकतें. असूं शकतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु भरतवाक्य नाटकाच्या फलश्रुतींतून उगवतें. तोच निकष लावा आणि जें गीत उतरेल त्याला खुशाल गौरवा. ‘स्लमडॉग मिलिऑनेर’मधील ‘जय हो’ला २००९ च्या समारंभांत पारितोषिक मिळालें. ए. आर. रहमान आणि गुलजार यांच्या प्रतिभेविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. परंतु मुंबईच्या छत्रपति शिवाजी स्थानकावर चित्रित झालेलें तें नृत्यगीत कथा संपल्यावर येतें, आणि तें काढलें तरी कथेचा एकही धागा तुटत नाहीं. याउलट २०२३ मध्यें विजयी झालेलें ‘आरआरआर’मधील ‘नाटु नाटु’ घ्या. गोऱ्या साहेबानें भर मेजवानींत केलेल्या पाणउताऱ्याला दोन मित्र नाचून उत्तर देतात. तें गीत काढा, आणि अपमानही अनुत्तरित राहतो, मैत्रीही अपुरी राहते. चित्रपटाचें गीत म्हणावें तें याला. उभय गीतांना एकच मान मिळाला, पण हा भेद किती जणांनीं बोलून दाखविला?

येथेंच शब्दांचा प्रश्न उभा राहतो. या पारितोषिकाचा अर्धा वांटा कवीचा असतो. ‘नाटु नाटु’चे कवि चंद्रबोस आणि संगीतकार एम. एम. कीरवाणी. अंतिम मत संस्थेच्या सर्व शाखांच्या सभासदांचें असतें. त्यांतील तेलुगु जाणणारे किती असणार? ठेका त्यांना कळला असेल, पण शब्दांची निवड, बोलीचा मासला, उपमांतील मातीचा वास हीं त्यांनीं कशानें जोखलीं? इंग्रजीखेरीज अन्य भाषेंतील गीताला पहिला मान १९६० च्या ‘नेव्हर ऑन संडे’च्या ग्रीक गीतामुळें मिळाला, दुसरा मिळण्यास २००४ चा ‘द मोटरसायकल डायरीज’ हा चित्रपट यावा लागला. आणि त्या स्पॅनिश गीताचे कर्ते होर्हे ड्रेक्सलर यांना समारंभांत आपलें गीत गाऊं दिलें नाहीं. तें अधिक प्रसिद्ध मंडळींकडून गाववून घेतलें. पारितोषिक स्वीकारतांना भाषणाऐवजीं त्यांनीं आपल्याच ओळी गाइल्या. याहून नेमकें प्रत्युत्तर आम्हांस सुचत नाहीं.

परंतु दुसऱ्यांचे दोष काढून आम्ही मोकळे होणार नाहीं. आपल्या राष्ट्रीय पारितोषिकांचा आरंभ १९५४ मध्यें झाला; संगीत दिग्दर्शकाचा व पार्श्वगायकाचा स्वतंत्र गौरव १९६७ च्या चित्रपटांपासून, आणि गीतकाराचा सर्वांच्या मागून, १९६८ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी तमिळ कवि कण्णदासन. म्हणजे माडगूळकर ‘जगाच्या पाठीवर’सारख्या चित्रपटांसाठीं लिहीत होते, त्या वर्षांत गीतकार म्हणून कोणाला गौरविण्याची सोयच नव्हती! पुढें सोय झाली, तीही वांटणी करून. २००८ च्या पारितोषिकांत ‘जोगवा’च्या संगीतासाठीं अजय-अतुल, आणि ‘जीव रंगला’च्या गायनासाठीं हरिहरन व श्रेया घोषाल सन्मानित झाले, त्या गीताचे कवि संजय कृष्णाजी पाटील मात्र त्या यादींत नव्हते. गीतरचनेचा मान एका बंगाली चित्रपटाला गेला, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शब्द एकाकडे, स्वर दुसऱ्याकडे, गळा तिसऱ्याकडे अशी कापाकापी केल्यावर गीत नांवाची अखंड वस्तु कोणाच्याच हातीं लागत नाहीं. या बाबतींत अमेरिकनांची संयुक्त गौरवाची रीत आपण घ्यावी, आणि औचित्याची दृष्टि त्यांनीं आपल्या परंपरेकडून घ्यावी.

परीक्षकांनीं एवढेंच विचारावें: हें गीत काढलें तर चित्रपटाचें काय जातें? कांहींच जात नसेल तर तें कितीही मधुर असो, त्याला मधुर गीताचें पारितोषिक द्या. चित्रपटगीताचें देऊं नका. आणि आमच्या वाचकांनींही पुढच्या वेळीं निकालाच्या आनंदांत सामील होण्यापूर्वीं हाच प्रश्न घरांत एकदां मांडावा. लोकांनीं विचारल्याखेरीज परीक्षक स्वतःहून विचारतील, अशी आशा आम्हांस नाहीं.