छातीतली वल्ही

सारसोळ्याच्या जेट्टीवर होडी वल्हवताना आपण पाहिली असेल. वल्हे पाण्यात ताठ ओढायचे, परत नेताना वर उचलायचे. आपल्या श्वासनलिकेतही केसांसारखी बारीक वल्ही असतात. एका पेशीवर सुमारे 200, सेकंदाला दहा-बारा फटके! धूळ धरलेला कफ तीच घशाकडे लोटतात.

ती मारतो कोण? डायनिन नावाचे प्रथिन. प्रत्येक केसात कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या, मध्ये दोन नळ्या. डायनिनचे हात शेजारची जोडी धरून सरकवतात. जोड्या बुडाशी बांधलेल्या, म्हणून केस वाकतो. याचाच एक भाऊबंद पेशीत माल वाहतो. त्यावर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांनी मोठे काम केले.

काहींना जन्मतःच हे हात नसतात. स्वीडनच्या अफझेलियस यांनी 1976 साली ते दाखवले. ज्या पुरुषांचा सर्दी-कफ लहानपणापासून हटत नव्हता, त्यांचे शुक्रजंतूही हलत नव्हते. शुक्रजंतूची शेपटी डायनिनच हलवते ना!

आपल्याकडे मूल नाही की सुनेला उपास, अंगारे-धुपारे. मुलाला डॉक्टरकडे न्यावे हे मनातही येत नाही. त्याची वीर्यतपासणी आधी करून घ्या, साधी असते. आणि जुना खोकला असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.